साइड ड्रमच्या काड्या : निवड आणि पारख



२६ जानेवारीच्या सकाळी शाळेच्या पटांगणावर बँड वाजू लागला म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे प्रथम कशाकडे वळतात? चकचकीत बिगुलांकडे, मोठ्या ड्रमवर रंगविलेल्या शाळेच्या बोधचिन्हाकडे, किंवा पथकप्रमुखाच्या हातातील दंडाकडे. साइड ड्रम वाजविणाऱ्यांच्या हातांतील दोन लाकडी काड्यांकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आणि तरीही शेकडो मुलांची पावले ज्या ठेक्यावर एकसाथ पडतात, तो ठेका ह्याच काड्यांच्या टोकांतून निघत असतो. ह्या काड्या कशा निवडाव्यात, ह्याविषयी आज थोडे सांगावयाचे आहे. विषय लहान वाटेल. परंतु त्याचे महत्त्व मला एका फजितीतून कळले, म्हणून आधी ती फजितीच सांगतो.

मी नववीत असताना शाळेच्या बँडमध्ये माझी निवड झाली. बँडच्या मास्तरांनी काड्यांची जुनी पेटी उघडून आमच्यापुढे ठेवली. तीत जाड, बारीक, काळ्या, पांढऱ्या, नाना प्रकारच्या काड्या होत्या. मी चारचौघांना कोपराने बाजूस सारून त्यांतील सर्वांत जाड जोडी उचलली. जाड काडी म्हणजे मोठा आवाज, आणि मोठा आवाज म्हणजे मोठा वादक, असा माझा हिशेब! सराव दहा-दहा मिनिटांचा असे, तोवर हा हिशेब बरोबर वाटला. प्रजासत्ताक दिनाची फेरी मात्र गावातून चांगली पाऊण तास चालली. निम्मी वाट संपते न संपते तोच माझे मनगट ताठले, अंगठ्यात गोळा आला, आणि बाजारपेठेच्या वळणावर डाव्या हातातील काडी निसटून रस्त्यावर पडली. ठेका तुटला. माझ्यामागे पाचवीची चिमुकली मुले चालत होती. त्यांची पावले चुकली, आणि दोघे-तिघे एकमेकांवर आदळले.

मास्तर तेव्हा एक शब्दही बोलले नाहीत. सायंकाळी त्यांनी मला बोलाविले आणि माझ्या दोन्ही काड्या टेबलावर ठेवून बोटाने ढकलावयास सांगितले. एक काडी सरळ घरंगळत गेली. दुसरी लंगड्या शेळीसारखी उड्या मारीत दोन वितींवर थांबली. मास्तर म्हणाले, “तुझा हात वाकडा नव्हता, काडी वाकडी होती. पण ती निवडली कोणी?” त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ वर्षे ह्याच कामात गेल्यावर जे उत्तर मिळाले, ते असे : काडी आपल्या हौशीसाठी निवडावयाची नसते. ती ड्रमच्या कातड्यासाठी, आपल्या मनगटासाठी आणि आपल्या शेजारी वाजविणाऱ्यासाठी निवडावयाची असते.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊ. चालताना हा ड्रम पट्ट्याने खांद्यावरून कुशीला अडकवीत, म्हणून त्याला ‘साइड ड्रम’ हे नाव पडले. युरोपात तो पायदळाबरोबर वाढला. सोळाव्या शतकातील स्विस पायदळाच्या तुकड्या बासरी आणि ड्रम ह्यांच्या साथीने चालत असत. ती परंपरा स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात आजही जिवंत आहे. तेथील फासनाख्त नावाचा उत्सव सोमवारी पहाटे चार वाजता सुरू होतो. त्या क्षणी शहरातील दिवे मालविले जातात, आणि काळोखातून केवळ ड्रम व बासऱ्या ऐकू येतात. २०१७ साली युनेस्कोने ह्या उत्सवाचा आपल्या वारशाच्या यादीत समावेश केला.

ह्या ड्रमला दोन कातडी असतात. काडी पडते ती वरच्या कातड्यावर. खालच्या कातड्याला बारीक तारा टेकलेल्या असतात. वरच्या आघाताने खालचे कातडे थरथरते आणि तारा त्यावर आपटतात. त्यातून तो ‘तडतड’ असा कोरडा आवाज निघतो. ड्रम कुशीला अडकविला की तो एका अंगास कलतो. डाव्या हाताने वरून काडी धरली तर कोपर अवघडून जाते, म्हणून वादकांनी डाव्या हाताची निराळी पकड शोधली. तीत तळवा आकाशाकडे किंचित वळलेला असतो आणि काडी अंगठ्याच्या बेचक्यात विसावते. आज खांद्यांवर बसणाऱ्या चौकटींमुळे ड्रम सपाट राहतो आणि दोन्ही हातांनी सारखीच पकड घेता येते. तरीही पुष्कळ पथकांनी जुनी पकड परंपरा म्हणून जपली आहे.

आता काडीचे अवयव पाहू. मागचा जाड भाग तो बुंधा. मधला सरळ भाग तो दांडा. पुढे काडी निमुळती होत जाते तो उतार. उतार संपतो ती मान. आणि अगदी टोकाला असते ते बोंड. उतार लांब असला तर काडीचे पुढचे अंग हलके व लवचीक होते आणि ती चटकन उसळते. उतार आखूड असला तर वजन पुढे राहते, ठोका भरदार पडतो आणि मान लवकर मोडत नाही. सर्वांचे डोळे जाडीवर असतात. पण हाताला जे जाणवते त्यातील निम्मे ह्या उतारात असते, हे ध्यानात ठेवावे.

दुकानात काड्यांवर ‘७ए’, ‘५ए’, ‘५बी’, ‘२बी’, ‘३एस’ अशी अक्षरे छापलेली दिसतात. ही पद्धत अमेरिकेतील जुन्या ड्रमकारांपासून चालत आली आहे. ‘एस’ म्हणजे रस्त्यावरील संचलनाची, ‘बी’ म्हणजे बँडची आणि ‘ए’ म्हणजे वाद्यवृंदाची काडी. सामान्यतः आकडा मोठा तितकी काडी बारीक. निरनिराळ्या कारखान्यांच्या मापांत थोडा फरक पडतो. तथापि ५ए सुमारे १६ इंच लांब व १४ मिलिमीटर जाड, ५बी तितकीच लांब पण १५ मिलिमीटर जाड, २बी सव्वासोळा इंच लांब व १६ मिलिमीटर जाड, आणि ३एस सुमारे १७ इंच लांब व १८ मिलिमीटर जाड असते, असे समजण्यास हरकत नाही.

चौदा आणि अठरा ह्यांत अंतर ते काय, असे एखादा म्हणेल. येथे गणिताच्या तासाची आठवण करावी. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्यास सव्वापट झाला की काडीचा छेद दीडपटीहून मोठा होतो, आणि लांबीही वाढल्यामुळे वजन आणखी चढते. ५ए काडी साधारण ५० ग्रॅम भरते, तर ३एस साधारण ८० ग्रॅम. तेज चालीत मिनिटाला १२० पावले पडतात. प्रत्येक पावलाला केवळ दोनच ठोके धरले तरी अर्ध्या तासात ७,२०० ठोके होतात. ५० ग्रॅमच्या हिशेबाने त्यांची बेरीज ३६० किलोग्रॅम, आणि ८० ग्रॅमच्या हिशेबाने ५७६ किलोग्रॅम! कातड्यावरून काडी आपोआप उसळते, म्हणून हे सगळे वजन हाताला उचलावे लागत नाही, हे खरे. तरी दोन क्विंटलांहून अधिक फरक कोवळ्या मनगटाला जाणवल्यावाचून राहत नाही. माझ्या नववीतील हिशेबात नेमकी हीच ओळ राहून गेली होती.

लाकडाचा विचार त्याच्या खालोखाल येतो. जगभर ह्या कामी हिकरी, मेपल आणि ओक ही तीन लाकडे चालतात. हिकरी हे उत्तर अमेरिकेतील, अक्रोडाच्या कुळातले झाड. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ते तेथे पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. कारण आघाताचा धक्का ते स्वतः सोसते, हाताकडे कमी पोहोचू देते. मेपल त्याहून हलके. एकाच मापाच्या दोन काड्यांत मेपलची साधारण एक दशांशाने कमी भरते. ज्याला जाड काडीची पकड हवी पण वजन नको, त्याला ती सोयीची. ओक जड आणि टिकाऊ, परंतु धक्का हातापर्यंत पोहोचविणारे. जुन्या काळी युरोपातील लष्करी वादक आबनूस व रोझवुड ह्यांच्याही काड्या वापरीत. आपल्याकडे मेरठमधील जाली कोठी हा भाग बँडची वाद्ये बनविण्याबद्दल विख्यात आहे. देशी लाकडाच्या काड्याही पुष्कळ शाळांत असतात, आणि नीट पारखून घेतल्यास त्या सरावाला उत्तम चालतात. लाकूड कोणतेही असो, ते पुरते वाळलेले असले पाहिजे. ओलसर लाकडाची काडी पहिल्याच उन्हाळ्यात वाकते.

बोंडाचे आकार अनेक. गोल बोंड कातड्याला लहानशा बिंदूवर टेकते, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ आणि टोकदार येतो. लांबट बोंडाचा अधिक भाग टेकतो, म्हणून आवाज भरीव होतो. पण काडीचा कोन बदलला की आवाजही बदलतो. १९५८ साली अमेरिकेत जो कॅलाटो ह्यांनी बोंडावर नायलॉनचे टोपण बसविण्याची युक्ती काढली. त्यामुळे बोंड झिजत नाही आणि झांजेवर आवाज खणखणीत येतो. संचलनाच्या ड्रमपुढे झांज नसते. म्हणून तेथे लाकडी बोंडच बहुधा पसंत केले जाते.

परंतु काडी चांगली की वाईट, हे ती कोणत्या कातड्यावर पडणार आहे ते कळल्याशिवाय ठरत नाही. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लावीत. पावसाळी हवेत ते सैल पडे, उन्हात ताणले जाई. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याची कातडी निघाली आणि ती कटकट मिटली. आपल्या बहुतेक शाळांतील ड्रमवर आज हीच असतात. पुढे स्कॉटलंडमधील पाइप बँडांनी ताण पुष्कळ वाढविला. अमेरिकेतील ड्रम पथकांनीही तोच मार्ग धरला. त्यांची ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ साली स्थापन झाली. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक ह्या रसायनशास्त्रज्ञ महिलेने ज्या तंतूचा शोध लावला, तो केव्हलार नंतर ह्या ड्रमांच्या कातड्यांत विणला जाऊ लागला. बंदुकीची गोळी अडविणाऱ्या जाकिटांत जो तंतू असतो, तोच हा. अशा फळीसारख्या ताठ कातड्यावर बारीक काडीचा आवाज किरटा येतो आणि काडीही लवकर तुटते. तेथे ३एससारखी जाड काडीच शोभते. उलट, शाळेच्या साध्या ड्रमवर तीच काडी वापरली तर कातड्याला खळगे पडतात, तारांची तडतड दबते आणि नुसता धबधबाट होतो.

हे तत्त्व आपल्याला परके नाही. गणेशोत्सवात ताशेवाला लहान, ताठ कातड्यावर बारीक काड्यांनी तडतडतो, तर ढोलवाला रुंद, सैल पानावर टिपरू घालतो. संबळाच्या दोन काड्यांतील एक टोकाला वळलेली असते. देवळातील नगाऱ्याला जाड टिपऱ्याच लागतात. ताशाच्या काडीने नगारा वाजवावयास कोणी जात नाही. तेव्हा ड्रमच्या बाबतीतच तो विवेक आपण का सोडावा?

आता दुकानात गेल्यावर करावयाच्या कसोट्या सांगतो. त्यांना पैसा लागत नाही. थोडा धीर लागतो.

पहिली कसोटी डोळ्यांची. लाकडाच्या रेषा बुंध्यापासून बोंडापर्यंत सरळ गेल्या आहेत का, ते पाहावे. रेषा आडव्या फुटून काडीच्या कडेबाहेर जात असतील, तर तेथेच ती मोडावयाची. गाठ, चीर किंवा काळा डाग असलेली काडी बाजूला ठेवावी.

दुसरी कसोटी घरंगळण्याची. काच बसविलेल्या सपाट टेबलावर काडी हलकेच लोटावी. सरळ काडी शांतपणे जाते. वाकडी काडी डगमगते, आणि तिच्या बोंडाखालची फट कमी-जास्त होताना दिसते.

तिसरी वजनाची. जोडीतील दोन काड्या सारख्या भरल्या पाहिजेत. एक-दोन ग्रॅमचा फरक चालेल, अधिक नको. मी शिक्षक झाल्यावर एकदा शाळेच्या बारा काड्या रुमालात बांधून ओळखीच्या सोनाराकडे नेल्या. तो प्रथम हसला. पण काट्यावर एकेक काडी ठेवू लागला तसा तोही रमला. एकाच मापाचा छाप असलेल्या काड्यांत सर्वांत हलकी आणि सर्वांत जड ह्यांत चांगला पंधरा ग्रॅमचा फरक निघाला. आम्ही त्या पुन्हा जुळवून पाच नव्या जोड्या लावल्या. त्यांतील दोन काड्यांना जोडीदारच मिळाला नाही. त्या सरावासाठी ठेवल्या.

चौथी कसोटी कानांची. काडी बुंध्याकडून तिसऱ्या हिश्श्यावर दोन बोटांत सैल धरावी आणि दगडी फरशीवर हलकेच टिचकी मारावी. प्रत्येक काडीला स्वतःचा स्वर असतो. जोडीतील दोघींचा स्वर जुळला तर त्यांच्या लाकडाचा घट्टपणाही जुळतो असे समजावे. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे टिंपनीवादक व्हिक फर्थ ह्यांचे ह्या संदर्भात स्मरण होते. बाजारातील काड्यांनी समाधान होईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मनाजोग्या काड्या घडविल्या आणि त्यातूनच १९६३ साली एक उद्योग उभा राहिला. वजन व स्वर जुळवूनच जोडी बांधावयाची, हे त्या उद्योगाचे ब्रीद ठरले.

पाचवी कसोटी हाताची. काडी अंगठा व तर्जनी ह्यांच्यामध्ये धरून बोंड कातड्यावर सोडावे आणि ते आपणहून किती वेळा उसळते, ते मोजावे. पकड थोडी पुढे-मागे सरकवीत गेले म्हणजे एक जागा अशी सापडते, की तेथे उसळ्या सर्वांत अधिक येतात. तोच त्या काडीचा आपल्या हातातील तोल. ही जागा बुंध्याच्या फार जवळ किंवा फार दूर पडून पकड अवघडत असेल, तर ती काडी आपली नव्हे. काडी फार जाड असेल तर बोटे मिटत नाहीत. फार बारीक असेल तर ती सुटेल ह्या भीतीने मूठ आवळली जाते. दोहोंचा परिणाम एकच : मनगट दुखते. दुखू लागले की थांबावे. दुखणे लपविण्यात मर्दुमकी नाही. माझ्या मते पाचवी-सहावीच्या मुलामुलींना ५बी, आठवीपासून पुढच्यांना २बी, आणि ताठ कातड्याचा ड्रम असेल तरच मोठ्यांना ३एस, हा क्रम योग्य होय.

ह्या पाच कसोट्या एकेकट्या वादकाच्या झाल्या. सहावी कसोटी पथकाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. रांगेत सहा ड्रम वाजत असताना ऐकणाऱ्याला ते सहा ऐकू येता कामा नयेत. एकच मोठा ड्रम ऐकू आला पाहिजे. एकाची काडी हिकरीची, दुसऱ्याची ओकची, तिसऱ्याचे बोंड गोल, चौथ्याचे लांबट, असे झाले तर हात कितीही जुळले तरी आवाज जुळत नाही. म्हणून रांगेतील सर्वांनी एकाच मापाच्या, एकाच लाकडाच्या, एकाच बोंडाच्या काड्या घ्याव्यात. आणि ते माप रांगेतील सर्वांत दणकट मुलाच्या हाताला बेतून ठरवू नये. ज्याचे मनगट सर्वांत नाजूक, त्याला जी काडी शेवटच्या पावलापर्यंत पेलेल, तीच साऱ्या रांगेची काडी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमधील संचलन ज्यांनी पाहिले असेल, त्यांना दिसले असेल की तेथे कोणी एकटा जवान उठून दिसत नाही; उठून दिसते ती रांग.

काड्या घेतल्यावर त्यांची निगा राखावी. उन्हात किंवा ओलसर भिंतीला टेकवून त्या ठेवू नयेत. संचलनाला जाताना एक जास्तीची जोडी ड्रमच्या पट्ट्याला बांधलेली असावी. बोंडाचे तंतू सुटू लागले की काडी बदलावी. नाहीतर वाचविलेल्या काडीपायी कातडे फाटते. जोडीतील एक मोडली तर उरलेलीला भलतीच जोडीदारीण देऊ नये. आणि ताठ कातड्याच्या ड्रमचा सराव बंद खोलीत करताना कानांत बोळे जरूर घालावेत. मनगट विसाव्याने सुधारते, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

माझी ती जाड, वाकडी काडी मी अजून जपून ठेवली आहे. दरवर्षी नवे पथक निवडले म्हणजे मी ती टेबलावर ठेवतो आणि एखाद्या विद्यार्थ्याला ढकलावयास सांगतो. ती लंगडत जाते, मुले हसतात, मीही हसतो. मग मी त्यांना बाजारपेठेच्या वळणावर अडखळलेल्या पाचवीच्या मुलांची हकीकत सांगतो, आणि हसणे थांबते. त्यानंतर पेटी उघडली म्हणजे जाड काडीसाठी कोणी कोपर मारीत नाही. मुले शेजाऱ्याची काडी हातात घेऊन आपल्या काडीशी ताडून पाहू लागतात.